ज्यांच्या घरात सोपानदेव नव्हते

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1880 मध्ये असोद्यात जन्मलेल्या आणि जळगावात नांदलेल्या या बाईंनी शेतात, चुलीपुढे, जात्यावर गाणी रचली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी ती जमतील तशी उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्र्यांना दाखवलं, हे महाराष्ट्रापुढे आलंच पाहिजे म्हणून अत्रे हट्टाला पेटले आणि 1952 मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह गाणी छापून आली. खान्देशातल्या शाळकरी मुलालाही एवढं पाठ असतं. आपल्या विद्यापीठाला आता त्यांचंच नाव आहे.

या हकिगतीतला एक भाग मात्र आपण भरभर ओलांडून जातो. सोपानदेव स्वतः कवी होते. आईच्या तोंडून जे निघतंय ते काय मोलाचं आहे हे ओळखणारा कान घरातच होता, हातात लेखणी होती आणि हे कुणाला नेऊन दाखवायचं याची जाणही होती. एवढे योग एका घरात जुळून आले म्हणून बहिणाबाई आपल्याला मिळाल्या. त्याच काळात भादली, नशिराबाद, पाळधी, धरणगाव, मारवड अशा गावागावांत पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायका होत्या. त्यांतली प्रत्येक जण बहिणाबाई होती असं मी म्हणणार नाही. पण किती होत्या हे आता कुणालाच सांगता यायचं नाही, कारण त्यांच्या घरात सोपानदेव नव्हते.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा योगायोगाचा कारभार आता थांबवायला हवा. कथा, कविता, कादंबरी ज्यातून उभी राहते तो कच्चा माल, म्हणजे बोली, गाणी, पत्रं, हिशोबाच्या वह्या, भांडणं, आठवणी, गोळा करणं आणि सांभाळणं हे लेखकाचं खासगी काम आहे असं आपण धरून चाललो आहोत. ते गावाचं काम आहे. त्याची जागा तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात असायला हवी आणि लेखकाने स्वतः जमवलेलंही शेवटी तिथेच यायला हवं.

खान्देशाला हे नवं नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून दप्तरं शोधत फिरले आणि मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड त्यातून उभे राहिले. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले, 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यातच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही त्या शहरात आहे. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांमधली हस्तलिखितं जमवली; समर्थ वाग्देवता मंदिरात ती जपलेली आहेत. आणि त्याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 मध्ये, 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी विनोबांनी गीतेवर 18 प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी समोर बसून लिहून घेतली. गुरुजी स्वतः केवढे लेखक! पण त्या महिन्यांत त्यांनी आपली लेखणी दुसऱ्याच्या वाणीच्या सेवेला लावली. पुढे बायकांच्या ओव्याही त्यांनी अशाच मायेने गोळा केल्या.

म्हणजे कागद जपायची रीत आपल्याकडे आहे. प्रश्न आहे तो काय जपण्याजोगं मानायचं याचा. सनद जपली जाते, संतांच्या हातचं पान जपलं जातं, पुढाऱ्याची पत्रं जपली जातात. श्रावणात खान्देशात घरोघर बसणाऱ्या कानबाई देवीच्या गाण्यांची वही दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीवाल्याच्या काट्यावर जाते.

अशी एक वही मी पारोळा तालुक्यातल्या एका घरात पाहिली. दोनशे पानी, शाळेची, पुठ्ठ्याचे कोपरे गोल झालेले. दवाखान्याच्या कागदांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. बॉलपेनने लिहिलेली कानबाईची गाणी. ओळ कुठे संपते, कडवं कुठे सुरू होतं याला काही खूण नाही, सगळं सलग. मध्येच चार पानं रोटांच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या, गव्हाचा हिशोब: कुणी किती दिले, गिरणीत कुणी नेले, भाऊबंदांपैकी कोण त्या वर्षी जेवायला आलं नाही. एका श्रावणाखाली फक्त ‘सुतक’ एवढं लिहिलंय, पुढचं पान कोरं. एका गाण्याच्या कडेला टीप आहे की हे मावशीचं, धरणगावचं, आपल्याकडे चाल निराळी. आणि या सगळ्यावर लाल शाईच्या दुरुस्त्या. घरातल्या शिकलेल्या नातवाने अहिराणीतलं ‘मना’ खोडून ‘माझा’ केलंय, ‘तठे’चं ‘तिथे’, ‘उनी’चं ‘आली’. वाईट हेतूने नव्हे; आजीची गाणी सगळ्यांना वाचता यावीत म्हणून. प्रत्येक दुरुस्तीसरशी चाल मोडली आहे. निम्म्या वहीनंतर लाल शाई थांबते, आणि तिथून पुढचं गाणं म्हणता येतं.

कुणी कादंबरीकार असेल तर त्याला त्या गव्हाच्या हिशोबात एक अख्खं कुटुंब सापडेल. कोण कुणाशी बोलत नव्हतं, कुणाची परिस्थिती त्या साली ढासळली, कोण शहराकडे गेलं. इतिहासकाराला कदाचित ही पानं बिनकामाची वाटतील. लेखकाला लागतं ते हेच. राजाच्या स्वारीची तारीख कुठूनही मिळते. त्या साली घरात रोट किती झाले हे फक्त असल्या वहीत मिळतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. सर्जनशील लेखन टिपणांतून होत नाही, असं अनेक चांगले लेखक मनापासून मानतात. अनुभव आत मुरावा लागतो, विसरण्यासारखं ते विसरलं जावं, जे उरेल त्याचंच साहित्य व्हावं. वही घेऊन फिरणारा माणूस बातमीदार होतो. यात तथ्य आहे. पण आठवणीचा एक दोष ते लक्षात घेत नाहीत. आठवण सगळ्यांना आपल्याच बोलीत बोलायला लावते. दहा वर्षांनी आठवलेला शेतकरी हा आपण मधल्या काळात वाचलेल्या शेतकऱ्यांसारखा बोलू लागतो. मराठी ग्रामीण कथा साच्यात अडकली याचं एक कारण मला हे दिसतं: दुष्काळ, सावकार, पाटील, कर्ज, फास. ही दुःखं खोटी नाहीत, खान्देशाने ती भोगली आहेत. पण ती भोगणाऱ्यांच्या तोंडची भाषा एका कथेतून दुसऱ्या कथेत उसनी गेलेली असते, आणि ती वाचताना गाव कुठलं ते ओळखू येत नाही.

जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. एक जण म्हणतो, “पैले पानीनी दगा दिन्हा, मंग भावनी दिन्हा.” नुसतं एवढंच लिहून घेतलं तर ते कुठल्याही कथेत चिकटवायचं वाक्य होतं. पण साल लिहा, महिना लिहा, गाव लिहा. तो रात्रीपासून रांगेत होता हे लिहा. ट्रॉलीत पहिल्या वेचणीचा कापूस होता की फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावर पुन्हा धरलेल्या पिकाचा, हे विचारून लिहा. आणि हे लिहा की ओलावा मोजायचं यंत्र ढिगात खुपसलं तेव्हा त्याची नजर आकड्याकडे नव्हती, यंत्र धरणाऱ्याच्या अंगठ्याकडे होती. आता ते वाक्य त्या माणसाचं झालं. मुरायला द्यायचं तर हे द्या. टिपण मुरण्याच्या आड येत नाही. मुरल्यावरही मूळ कुठे होतं ते दाखवायला ते उरतं.

आणि खान्देश म्हणजे नुसती शेतीही नाही. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत देशभरातून आलेली माणसं पिढ्यान्पिढ्या राहिली, त्यांच्या मुलांची मराठी ऐकून पाहा. वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना, दीपनगरचं वीजकेंद्र, जळगावच्या डाळमिला आणि सराफ बाजार, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड वाहणारे मजूर. ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरतेला गेलेली आणि तिथेच राहिलेली आपली माणसं. तिथल्या उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत अहिराणी सर्रास कानावर पडते. त्यांनी घरी पाठवलेली पत्रं, मनिऑर्डरीच्या पावत्यांमागे लिहिलेल्या दोन ओळी, भिशीच्या वह्या कुठे आहेत? सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. गाव बुडतं तेव्हा घरांबरोबर ओढ्यांची, टेकड्यांची, झाडांची नावंही जातात, आणि त्या नावांवर बांधलेली भिली-पावरी गाणी नव्या वसाहतीत नुसती शब्द होऊन उरतात. ज्यांनी ती जागेवर म्हटली ती माणसं आता थकली आहेत.

बोलीही एक नाही. पश्चिमेला अहिराणी, जळगावच्या बाजूला तावडी आणि लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी, भिली, नवापूरकडे मावची, शिवाय गुजरी, बंजारा. ग्रियर्सनने देशाच्या भाषांची पाहणी केली तेव्हा 1907 च्या खंडात खान्देशीला, म्हणजे अहिराणीला, वेगळी जागा दिली आणि नमुने छापले. इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली जे नमुने घेतले गेले ते शंभर वर्षांनंतरही ग्रंथालयात मिळतात. त्यानंतर आपले आपण घेतलेले नमुने मात्र कुणाच्या तरी कपाटात आहेत. मराठीच्या एम.ए., पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी लोकगीतांवर प्रबंध लिहिताना परिशिष्टात गाणी जोडलेली असतात. माझ्या मते प्रबंधातला सर्वांत टिकाऊ भाग तो परिशिष्टाचा, आणि पदवी मिळाल्यावर सर्वांत आधी विसरला जातो तोही तोच. गाणं सांगणाऱ्या बाईच्या गावी त्याची प्रत परत जाते का, एवढं तरी मार्गदर्शकांनी विचारावं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचं काम हाती घेतलं, त्यांच्या सहकारी बायकांनी गावोगाव जाऊन 1 लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि प्रत्येक ओवीबरोबर ती सांगणारीचं नाव आणि गाव ठेवलं. त्या ओव्या आज कुणालाही वाचता येतात. त्या कामातला भर मुख्यतः पुण्याच्या बाजूचा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावरची गाणी, मुलींच्या गुलाबाईच्या खेळातली गाणी, डफावरची वहीगायनं यांचं असंच काम खान्देशात व्हायला काय अडचण आहे? गाणी आहेत, गाणाऱ्या आहेत, शिकलेली मुलं-मुली आहेत. ठेवायला जागा नाही, आणि आपलं हे काम आहे असं कुणाला वाटत नाही.

“आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, सगळं रेकॉर्ड होतंच आहे,” असं तरुण मित्र सांगतात. होतंय खरं. पण रेकॉर्डिंगला नाव असतं फोनने दिलेला आकडा. कुणाचा आवाज, कुठलं गाव, कुठला सण, काही नाही. व्हॉट्सॲपवरून फिरता फिरता फोटो आणि आवाज दोन्ही घसरतात, फोन बदलला की निम्मं मागे राहतं. नाव-गाव नसलेलं गाणं दहा वर्षांनी घरच्यांनाही ओळखू येत नाही. कागदाचीही तीच गत. वजनकाट्याच्या, पेट्रोलच्या, एटीएमच्या पावत्या उष्णतेने छापलेल्या असतात. जळगावच्या मे महिन्यात त्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या तर पांढऱ्या व्हायला वेळ लागत नाही. जपायच्या असतील तर त्याच आठवड्यात फोटो काढावा आणि मजकूर हाताने उतरवावा. बाकी वाळवी, उंदीर, ओल यांच्याबद्दल कुठल्याही जुन्या घरातली बाई जास्त चांगलं सांगेल.

दुसरी शंका जास्त अवघड आहे, आणि तिला घाईने उत्तर देऊ नये. गोळा केलेल्या कच्च्या मालात माणसांची खासगी आयुष्यं असतात. ओवीत सून सासूबद्दल जे बोलते ते तिने जात्याला सांगितलेलं असतं, गावाला नव्हे. कादंबरीत नाव बदलता येतं, जात बदलता येते, गाव हलवता येतं. टिपणात हे काही करायचं नसतं, म्हणून ते धोक्याचं असतं. त्यामुळे वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक वहीबरोबर, प्रत्येक ध्वनिमुद्रणाबरोबर देणाऱ्याची अट असली पाहिजे. कुणी म्हणेल लगेच खुलं करा. कुणी म्हणेल मी आहे तोवर नको, कुणी म्हणेल तीस वर्षं बंद ठेवा. ही अट पाळणं वाचनालयाला बंधनकारक हवं, मग मागणारा कितीही मोठा लेखक असो. आणि “नको” म्हणायचा हक्क सांगणाऱ्या बाईचा आहे. तिने नको म्हटलं तर वही मिटायची आणि चहा पिऊन उठायचं. गाणं हातचं जाईल, जाऊ द्यावं.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण आम्ही लिहिणारे लोक या बाबतीत फार सवलत घेतो. कॉपीराइटच्या कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या वारसांना मिळतो. ज्या मजुराच्या तोंडचं वाक्य घेऊन त्याची कथा उभी राहिली, त्याचं नाव ऋणनिर्देशातही नसतं. टिपणवही सार्वजनिक ठिकाणी ठेवायची म्हटलं की लेखकाच्या अंगावर काटा येतो, त्याचं एक कारण हेही आहे: कुठून काय घेतलं ते दिसेल. दिसू द्यावं. त्याने कलाकृती लहान होत नाही. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी उतरवून घेतली हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सोपानदेव कवी म्हणून कमी ठरले नाहीत.

सरकारने करावं, असंही कुणी सुचवेल. सरकारी पुराभिलेखागार सरकारचे कागद सांभाळतं, तेच त्याचं काम. शिवाय खान्देशाचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, 1998 मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. जिल्ह्यांच्या रेषा हलतात तसे जिल्ह्याचे कागदही हलतात. तालुक्याचं वाचनालय जागचं हलत नाही. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेली वाचनालयं गावोगाव आहेत, त्यांना इमारत आहे, कार्यकारिणी आहे, तुटपुंजं का होईना अनुदान आहे. वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिकं, सभासद अशा गोष्टींवर. ग्रंथपालाचा पगार किती अपुरा आणि किती उशिरा होतो हे मी पाहतो, तेव्हा त्याच्यावर आणखी एक फुकटचं काम टाकायला माझं मन होत नाही. म्हणून मागणी दोन ठिकाणी आहे. अनुदानाच्या निकषांत हस्तलिखितं आणि ध्वनिमुद्रणं यांना स्वतंत्र गुण मिळावेत, म्हणजे ग्रंथपालाच्या कामाला मोल येईल. आणि विद्यापीठाच्या मराठी विभागांनी दर वर्षी काही विद्यार्थी या वाचनालयांना जोडून द्यावेत; त्यांनी मूळ वही घरातून हलवू नये, फक्त तिची प्रत काढून जमा करावी.

अमळनेरला 1952 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये, जळगावला 1984 मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. मंडप, ग्रंथदिंडी, भोजनव्यवस्था यांसाठी सारा परिसर कसा राबतो हे इथल्या माणसांना सांगायला नको. तेवढी माणसं, तेवढी वर्गणी, तेवढा उत्साह गोळा करता येतो हे आपण सिद्ध केलं आहे. यापुढे संमेलन जिथे भरेल तिथे जमलेल्या निधीतला एक ठरलेला वाटा त्या तालुक्याच्या वाचनालयातल्या संग्रहासाठी बाजूला काढावा, हा ठराव संयोजकांनी निमंत्रण स्वीकारतानाच करावा.

सुरुवात कुठून करायची तर जात्यावर दळलेल्या बायकांपासून. गावात विजेची गिरणी यायच्या आधी ज्यांनी दळण दळलं त्यांचं वय आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे, आणि बाकी सगळं पाच वर्षं थांबू शकेल, हे थांबणार नाही. आखाजीला लेकी माहेरी येतात, तेव्हा सासरची आणि माहेरची अशी दोन्हीकडची गाणी एका अंगणात ऐकायला मिळतात. त्याआधी वाचनालयाच्या कार्यकारिणीने एक साधी चिठ्ठी छापून घ्यावी: सांगणारीचं नाव, तिचं माहेर आणि सासर, गाणं कुणाकडून आलं, कुठल्या सणाचं, कधी उतरवलं, कुणी उतरवलं, आणि खुलं करायला तिची हरकत आहे की नाही. उतरवणाऱ्याने ती म्हणेल तसंच लिहावं, ‘मना’ असेल तर ‘मना’च. लिहून झालं की तिला वाचून दाखवावं आणि ती ‘बरोबर’ म्हणाली, की तिच्या समोरच चिठ्ठी वहीला टाचावी.